पाठकोरा आराखडा

आषाढ-श्रावणात कोल्हापुरात दोन माणसे रस्त्यात भेटली, की त्यांनी प्रकृतीची, मुलाबाळांची अथवा उसाच्या बिलाची विचारपूस करण्यापूर्वी एकमेकांस एक प्रश्न विचारावा असा जणू दरबारी रिवाज आहे. "किती झालं?" एवढाच तो प्रश्न. त्यात ना कर्ता ना कर्म, त्यामुळे परगावचा पाहुणा, हा विषय धावसंख्येचा असावा की कोणा रुग्णाच्या तापाचा, हे न उमगून दोहोंस शोभेल असा मध्यम गंभीर चेहरा करून उभा राहतो. वस्तुतः चौकशी पंचगंगेची असते. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची उंची मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे दोन आकडे येथील पोरासोरांनाही पाढ्यांच्या आधी पाठ होतात. देशाने मेट्रिक मापे पत्करून सहा दशके उलटली, तरी पंचगंगेने आपले फूट-इंच सोडलेले नाहीत. आणि ते बरेच आहे, कारण "अडतीस फूट अकरा इंच" असे उच्चारताना कोल्हापूरकराच्या कंठात जी धाकधूक आणि जी सुप्त आशा एकाच वेळी दाटते, ती त्या उरलेल्या एका इंचातच मावते. अडीच सेंटिमीटरांत ती मावली नसती.

सुप्त आशा हे शब्द मी बेसावधपणे लिहिलेले नाहीत. नदी पात्राबाहेर पडल्याची वार्ता येताच जे शहर सहकुटुंब, सहपरिवार, दुचाकीवर पुढे एक आणि मागे दोन मुले घेऊन पूर पाहावयास निघते, घाटाच्या रस्त्यावर भाजलेली कणसे विकत घेते, पोलिसाच्या शिट्टीकडे कौतुकाने पाहते आणि "एकोणीस साली पाणी त्या खांबाच्या त्या खिळ्यापर्यंत होतं" असे शेजारच्या अपरिचिताला बोट दाखवून सांगते, त्या शहराचे पुराशी असलेले नाते निव्वळ वैराचे आहे असे कोण म्हणेल? पुढे नृसिंहवाडीस, जेथे हीच पंचगंगा कृष्णेस मिळते, तेथे तर पाणी दत्तपादुकांवरून उत्तरेकडून शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले, की त्या धारेत स्नान करण्यासाठी भाविकांची रीघ लागते. सरकारी दप्तरात ज्यास आपत्ती म्हणून नोंदतात, त्याच पाण्यास काही कोसांवर पर्वणी म्हणतात, हा भेद कोणत्याही आराखड्याच्या तक्त्यात कसा बसवावा, हे मला आजतागायत सुचलेले नाही.

हे सुचण्याचे काम माझ्याकडे आले ते असे. पंचगंगेच्या अंगाच्या एका पेठेत आमचे एक जुने मंडळ आहे. खाली वाचनालय, वर सभागृह, आणि मागील खोलीत रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, पाण्याच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या आणि मागेपुढे उचलता येणाऱ्या लोखंडी खाटा आम्ही अल्प अनामत घेऊन पेठेतील घरोघर देतो. या वस्तू परत येण्याचे मार्ग दोनच असल्यामुळे, खाट परत आणून देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावाचून "कसं काय?" असे विचारू नये, ही आमच्या कारभारातील पहिली शिकवण. मी तेथे सहचिटणीस आहे. म्हणजे चिटणीस जे करीत नाहीत ते मी करतो.

२०१९ च्या ऑगस्टात नदी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला, पेट्रोल, दूध, भाजी यांची आवक थांबली, उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूंकडे पाणीच पाणी असलेल्या या शहरात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या, आणि आमच्या मागील खोलीतील सहा खाटा गंजून अशा झाल्या की त्यांस मागेपुढे उचलणे सोडाच, जागच्या जागी उभे ठेवणेही धाडसाचे ठरावे. तेव्हा मुंबईच्या एका दानशूर संस्थेने नव्या साहित्यासाठी रक्कम देऊ केली. अट एकच की मंडळाने आपला "आपत्कालीन सज्जता आराखडा" लेखी सादर करावा. अट वाजवी होती. ज्या संस्थेवर पन्नास अंथरुणास खिळलेली माणसे विसंबून आहेत, तिने पाणी आल्यावर काय करावयाचे हे पाणी येण्यापूर्वी ठरवावे, यात गैर ते काय? गैर एवढेच की ते ठरविण्यासाठी आम्ही सभा बोलाविली.

२०२० च्या जानेवारीतील त्या सभेचा पहिला दीड तास शीर्षकात गेला. आमचे एक सभासद जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले असून, कोणत्याही मसुद्यातील एक शब्द काढल्याखेरीज त्यांस तो वाचल्याचे समाधान लाभत नाही. त्यांची हरकत अशी की, "आपत्ती व्यवस्थापन" याचा सरळ अर्थ आपत्ती यथासांग पार पाडणे असा होतो आणि लग्नकार्याप्रमाणे पुराची व्यवस्था पाहणे हे मंडळाच्या घटनेत बसत नाही. त्यानंतर सात उपसमित्या नेमण्यात आल्या. नेमणुकांचे तत्त्व एवढेच होते की कोणी रुसू नये. खजिनदारांस पोहता येत नसल्यामुळे त्यांस बचाव समितीत घातले, म्हणजे ते बचावाची निकड इतरांपेक्षा अधिक जाणतील.

मग कोणीतरी होडी विकत घेण्याची सूचना मांडली. सूचना जोरात होती. होडीला रंग कोणता द्यावा येथवर बोलणे गेले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणी "ब्रह्मनाळ" एवढाच शब्द उच्चारला. पलूस तालुक्यातील त्या गावी त्याच ऑगस्टात पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटून माणसे बुडाली होती. तीही गावच्या भल्यासाठीच ठेवलेली होडी होती. सभा बराच वेळ गप्प राहिली. होडी आपण चालवावयाची नाही, चालविणारांना वेळेत बोलवावयाचे, हा त्या दिवसाचा एकमेव शहाणा ठराव कोणतीही उपसूचना न येता संमत झाला.

आराखडा चौसष्ट पृष्ठांचा झाला. त्याचे तंत्र असे: पाणी इशारा पातळीस पोहोचताच शिपायाने सहचिटणीसास वर्दी द्यावी, सहचिटणीसाने ती चिटणीसांच्या निदर्शनास आणावी, चिटणीसांनी अध्यक्षांशी विचारविनिमय करावा आणि अध्यक्षांनी तातडीच्या सभेची नोटीस काढावी; गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने ती त्याच जागी भरवावी. हे कलम लिहिताना मला राधानगरीच्या धरणाची आठवण होऊन ओशाळल्यासारखे झाले. राजर्षी शाहू महाराजांनी शतकापूर्वी बांधावयास घेतलेल्या त्या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक उंचीस आले की दरवाजा स्वतः होऊन उघडतो आणि एकेक दरवाजा १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत सोडून मोकळा होतो; तो कोणास विचारीत नाही, नोटीस काढीत नाही. आमच्या मंडळात मात्र मागील खोलीचा एक दरवाजा उघडावयास तीन सह्या लागत होत्या, आणि तो स्वयंचलित करण्याची तजवीज चौसष्ट पृष्ठांत कोठेही नव्हती.

पृष्ठे भरण्यासाठी आम्ही, खोटे कशास बोला, किनारपट्टीवरील कोणा संस्थेचा आराखडा समोर ठेवला होता. त्यातील चक्रीवादळ आणि त्सुनामी ही प्रकरणे गाळावीत असे मी सुचविले. परंतु दोन प्रकरणे कमी पडल्यास अनुदान कमी पडेल, अशी खजिनदारांनी भीती घातली. सबब समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या करवीर नगरीसाठी, त्सुनामीची सूचना मिळताच सभासदांनी किनाऱ्यापासून दूर उंच जागी जावे, असे कलम सतरा कायम राहिले. लाट सह्याद्री ओलांडून, करूळ घाटाची वळणे घेत गगनबावड्यास दम खाऊन आमच्यापर्यंत येईतो आमची तहकूब सभासुद्धा भरून संपली असती, हा त्यातल्या त्यात दिलासा.

हा सर्व खटाटोप चालू असता आमच्या मंडळाचे शिपाई, ज्यांस सारी पेठ मामा म्हणते, ते कोपऱ्यात स्टुलावर बसून चहाचे पेले मोजीत होते. मामांची मंडळातील नोकरी माझ्या सभासदत्वाहून जुनी. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी लाल तैलरंगाने दोन आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. जपानात अनेयोशी नावाच्या खेड्यात पूर्वजांनी, या दगडाच्या खाली घर बांधू नका, असे खोदून ठेवले आहे. तेथील लोकांनी ते ऐकले आणि २०११ ची त्सुनामी त्या दगडाच्या खालीच थांबली. आमच्या पेठेत या प्रकारच्या खुणेचा उपयोग अगदी निराळा होतो. घरमालक भाडेकरूस रेघ दाखवून सांगतो, "पाणी हितंवरच येतंय, ह्याच्यावर न्हाई," आणि मग भाडेकरू रेघेपासून चार बोटे वर फळी ठोकून तीवर आपला दूरचित्रवाणी संच ठेवतो. २००५ च्या रेघेवर विसंबलेल्या फळ्या २०१९ त गेल्या. नव्या फळ्या नव्या रेघेच्या चार बोटे वर ठोकल्या गेल्या.

आराखड्याचा मसुदा वाचून झाल्यावर मी शिष्टाचार म्हणून मामांचे मत विचारले. मामा म्हणाले, "ब्येस हाय सर. खरं, पाणी फुडच्या दारानं येतंय असं धरलंय तुमी. ते आदी मागनं गटारीतनं येतंय. फुडनं येतंय ते निस्तं दार वाजवायला."

सभेत शांतता पसरली. शिरस्तेदारांनी विचारले, "पण ३९ फूट झाले हे तुम्हाला कळते कसे?"

"मला ३९ बी कळत न्हाई आन् ४३ बी कळत न्हाई. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची पायरी भिजली, की मी मागच्या खोलीतल्या खाटा वर न्हेतो. बोरिंगचा दांडा भिजला, की निळ्या दाराच्या आज्जींस्नी सांगून येतो. त्येंस्नी जिना उतरायला अर्धा तास लागतोय, गुडघं हाईत."

कोणत्या गल्लीत कोणती म्हातारी कोणत्या मजल्यावर आहे, कोणाचा मुलगा पुण्यास असतो, कोणाचा प्राणवायूचा यंत्रसंच विजेवर चालतो आणि वीज गेल्यास किती वेळ तग धरतो, कोण सुनेचे ऐकत नाही पण शेजारणीचे ऐकतो, हे सारे ज्ञान मामांपाशी होते आणि चौसष्ट पृष्ठांत नव्हते. ते लिहून घ्यावे असे ठरले. आणि हे मी मोकळ्या मनाने सांगतो की ते ठरणे रास्त होते, कारण मामांस साठी उलटून बरीच वर्षे झाली होती, आणि जे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असते ते त्याला ताप आला की बुडते. परंतु लिहून घेण्याचे काम एका उपसमितीकडे गेले.

फेब्रुवारीत रंगीत तालीम झाली. कोल्हापुरात तालीम या शब्दाला मातीचा आणि घामाचा वास आहे, म्हणून पेठेतील दहा-बारा गडी दंड थोपटीत आले. रुग्णाची भूमिका खजिनदारांकडे होती. त्यांस चाकाच्या खुर्चीत बसवून सभागृहातून जिन्याने खाली आणावयाचे होते. जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची आली असता, उपाहार समितीने, जी सातांपैकी सर्वांत कार्यक्षम ठरली, खालून मिसळ आल्याची हाक दिली. गडी खाली गेले. खुर्चीचा ब्रेक कसा लावावा हे पृष्ठ ४१ वर दिलेले असून तेथवर कोणी पोहोचलेले नव्हते. खजिनदार वळणावरच बसून एक हात कठड्याला आणि एक हात भिंतीला लावून तर्रीच्या वासावरून आम्ही कितव्या पावावर आहोत याचा अंदाज घेत राहिले. अहवालात "रुग्णास मध्यंतरी विश्रांती देण्यात आली" असे नमूद आहे. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली आणि दुसरी तालीम राहून गेली.

२०२१ ची आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. गुरुवार, २२ जुलै. पाऊस पडत नव्हता, कोसळत होता. आणि दुसऱ्या दिवशी राजाराम बंधाऱ्याचा आकडा २०१९ च्याही पुढे, ५६ फुटांवर जाणार आहे हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नव्हते. अध्यक्षांचा दूरध्वनी लागत नव्हता. चिटणीस पुण्यास लेकीकडे गेलेले. ज्या साखळीने वर्दी वर जाऊन हुकूम खाली यावयाचा, तिच्या सर्व कड्या निरनिराळ्या गावी भिजत होत्या. मी गुडघाभर पाण्यातून मंडळात पोहोचलो तेव्हा मागील खोली रिकामी होती. खाटा, खुर्च्या, गाद्या सारे वरच्या सभागृहात. न्हाव्याची पायरी दुपारीच भिजली होती, आणि तीन सह्यांच्या दरवाजाची कडी मामांनी बिजागरीसकट काढून ठेवली होती.

शेजारच्या सुतारवाड्यातील कुटुंबे वहिवाटीप्रमाणे दसरा चौकातील चित्रदुर्ग मठात निघाली होती. आमच्या पेठेतील ज्यांस तेवढेही चालवत नव्हते ती माणसे आमच्या सभागृहात येऊ लागली, तोंडाला मास्क, हातात औषधाची पिशवी, आणि खाटांमध्ये अंतर ठेवा म्हणून ओरडणारा मी. कोण आले, कोण नातलगाकडे गेले, कोणास काय लागते हे टिपून ठेवणे भाग होते. वाचनालयाच्या नोंदवह्या प्लॅस्टिकात गुंडाळून माळ्यावर गेलेल्या. वर, टेबलाच्या खणात, कागद म्हणून एकच जिन्नस होता: आराखड्याची प्रत. सरकारी धर्तीवर एकाच बाजूस छापलेली. चौसष्ट पाने, चौसष्ट पाठी, सर्व कोऱ्या.

मामांची बारावीत शिकणारी नात भिंतीला टेकून, मेणबत्तीच्या उजेडात त्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत गेली. ते अक्षर आज माझ्यासमोर आहे. "निळं दार, आज्जी. गुडघे. वॉकर आपलाच, नंबर ११. सकाळची पांढरी गोळी अर्धी, पूर्ण नाही." खाली: "आजोबा, तालमीच्या मागे. ऐकू कमी. डाव्या बाजूनं बोलणे." पुढच्या पानावर: "काका, गोठेवाले. साखर. म्हशी दोन, एक गाभण. म्हशी सोडून येत नाहीत. म्हशी वरच्या रस्त्याला खांबाला बांधल्या, मग आले." या नोंदीच्या पलीकडच्या बाजूस, कलम सतरा, त्सुनामी आल्यास सभासदांनी उंच जागी जावे.

म्हशींची नोंद कोणी हसण्यावारी नेऊ नये. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून घेऊन उभ्याउभ्या पिणाऱ्या या शहरात म्हैस ही मालमत्ता नसून कुटुंबातील कर्ती व्यक्ती आहे. २०१९ त चिखली-आंबेवाडीकडे माणसे जनावरे सोडून होडीत पाय ठेवीनात, आणि वर बसलेल्या शहाण्यांनी त्यास हटवाद म्हटले. गाभण म्हैस खुंट्याला बांधून निघून जाणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

पाणी ओसरल्यावर जे आले त्यास आराखड्यात प्रकरणच नव्हते. ते म्हणजे साहाय्य. उभ्या महाराष्ट्राने २०१९ त जशी गाड्या भरभरून मदत पाठविली तशी याही वेळी पाठविली, त्याबद्दल कृतज्ञतेवाचून दुसरा शब्द नाही. परंतु कपड्यांच्या गाठोड्यांविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. पूरग्रस्त माणूस हा अर्ध्या चेनची पाटलोण आनंदाने घालतो, अशी समजूत कोणी रूढ केली कोण जाणे. आमच्या सभागृहात तीन दिवसांत कपड्यांचा जोतिबाचा डोंगर उभा राहिला. त्यातून एक जरतारी शेरवानी, शाळेच्या स्नेहसंमेलनातील वाघाचा पोशाख शेपटीसह, आणि निरनिराळ्या पायांतील सोळा डाव्या चपला निघाल्या. मागणी होती ती केरसुण्या, फिनेल, खराटे आणि फावडी यांची. घरातून चिखल काढताना शेरवानीचा उपयोग नसतो. गंमत अशी की पूर जितके दिवस होता त्याहून अधिक दिवस आम्ही घड्या घालीत होतो. खजिनदारांनी वाघाचा पोशाख जंगम मालमत्तेत जमा केला आहे.

हिवाळ्यात दात्या संस्थेचे अधिकारी पाहणीस आले. आराखड्याचा प्रत्यक्ष वापर झाला काय, असा त्यांचा रकाना होता. मी प्रामाणिकपणे होय म्हणालो आणि फाईल पुढे केली. त्यांनी चार पाने सुलट वाचली, जांभई दाबली, पाचवे पान उलटे झाले आणि मग मात्र ते शेवटच्या पानापर्यंत पाठीच वाचीत गेले. निघताना त्यांनी सुचविले की सुधारित आवृत्तीत हीच बाजू छापावी.

सुधारित आवृत्तीच्या सभेत शिरस्तेदारांनी पहिली हरकत घेतली ती म्हशींवर: त्यांचा समावेश लाभार्थींत करावा की मालमत्तेत, आणि लाभार्थींत केल्यास गाभण म्हैस एक धरावी की दोन? त्यावर उपसमिती नेमण्यात आली. मी मामांकडे वळलो. भिंतीवर त्यांनी तिसरी रेघ ओढली होती, दुसरीच्या थोडी वर, आणि रंगाचा डबा अजून त्यांच्या स्टुलाखाली होता.

"मामा, तुमचं सगळं आता छापायला जाणार," मी म्हणालो.

मामा पेले गोळा करीत होते. "छापा की सर," ते म्हणाले. "खरं, मागची बाजू तेवढी कोरी ठेवायला सांगा."